घरचं फायबर नेट स्लो झालं तेव्हा : २५ दिवसांचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि घरून डीटीपी करते, वर्षभर पुस्तकं आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. पुण्याहून फाईली येतात, त्यात चित्रं असतात, जाहिराती असतात, एकेक फोल्डर दोन-तीन जीबीचं. त्यामुळे नेट म्हणजे माझ्यासाठी गिरणीला लागणारी वीजच, ती गेली की दळण बंद. यंदा नेमकं ऐन हंगामात घरच्या नेटचा स्पीड बसला आणि तो परत यायला २५ दिवस लागले. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो स्पीड नसण्याचा नाही, नक्की बिघडलंय कुठे हेच कळत नव्हतं त्याचा. म्हणून जे जसं झालं तसं लिहून ठेवतेय, कुणी आत्ता याच्यातून जात असेल तर उपयोग होईल.

आमचा प्लॅन १५० एमबीपीएसचा, महिन्याला ७९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४२ रुपये ८२ पैसे. १५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १५० एमबीची फाईल येते असं मला बरीच वर्षं वाटायचं, तसं नसतं. ते मेगाबिट असतात, ८ बिटांचा एक बाईट, म्हणून १५० ला ८ ने भागायचं, साधारण पावणेएकोणीस एमबी दर सेकंदाला. २.४ जीबीची फाईल सव्वादोन-अडीच मिनिटांत यायला हवी. आधी यायचीही.

२५ ऑगस्टला, सोमवारी, एका अंकाचं कव्हर आणि आतली १६ रंगीत पानं आली. फाईल २.४ जीबी. डाऊनलोडला लावून मी मोदकांसाठी खोबरं खवायला घेतलं, दोन दिवसांवर गणपती होते. दोन नारळ खवून झाले, हात धुऊन आले तरी फाईल निम्मीसुद्धा नव्हती. पूर्ण यायला सव्वा तास लागला. संध्याकाळी मुलाच्या क्लासचं लेक्चर अडकायला लागलं, सासूबाईंचं टीव्हीवरचं कीर्तन दर दोन मिनिटांनी थांबायला लागलं. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली तर कधी ४, कधी ९, कधी ११.

पहिले चार दिवस आम्ही अंदाजाने हातपाय मारले. राउटर बंद-चालू केला, रात्रभर बंद ठेवला. महिन्याचा डेटा संपला की स्पीड उतरवतात म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये बघितलं, ३३०० जीबीची मर्यादा होती आणि वापर ४१२. म्हणजे ते नव्हतं. कुणीतरी सांगितलं डीएनएस बदला, तेही केलं. त्याने वेबसाईटचा पत्ता शोधायला लागणारा वेळ बदलतो, मोठी फाईल उतरायचा वेग नाही, फरक शून्य. मग नवऱ्याने वायफाय एक्स्टेंडर आणला, १४९९ रुपयांचा. मोबाईलवर वायफायच्या कांड्या फुल दिसायला लागल्या आणि स्पीड तोच ७-८. कांड्या म्हणजे मोबाईलपर्यंत वायफायचा सिग्नल किती जोराचा येतोय ते, राउटरच्या पलीकडे काय चाललंय ते त्यात दिसत नाही. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं. माझं सांगणं एवढंच, मोजमाप झाल्याशिवाय काहीही विकत आणू नका.

२९ ऑगस्टला, शुक्रवारी, कस्टमर केअरला फोन केला. २२ मिनिटं गाणं ऐकलं, मग एका मुलीने अगदी नीट बोलून राउटर रिस्टार्ट करायला लावला आणि तक्रार नोंदवली. इथे एक लक्षात ठेवा, फोन ठेवायच्या आधी तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो मेसेजवर आलाय का बघा. पुढे सगळं त्या नंबरावर चालतं. तीन दिवस कुणी आलं नाही, आणि १ सप्टेंबरला, गौरी जेवायच्या दिवशी, दुपारी नैवेद्याची पानं वाढत होते तेव्हा मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. घरी कुणी आलं नाही, फोन नाही, आणि निवारण झालं! त्या क्षणी खरंच रडू आलं मला, कारण त्याच रात्री मला पानं पाठवायची होती. शेवटी पेन ड्राईव्ह घेऊन नवरा मित्राच्या ऑफिसात जाऊन अपलोड करून आला.

तक्रार परत उघडली. ३ तारखेला एक टेक्निशियन आला. त्याने मोबाईल काढला, राउटरजवळ उभं राहून वायफायचं चॅनेल बदललं, दुसरं नेटवर्क चालू करून दिलं, टेस्ट केली तर १९ आला. "बघा मॅडम, वाढला की." मी म्हटलं १५० पाहिजे ना. "सणाचं लोड हाय मॅडम, गणपती झालं की हुतंय बरोबर." आणि गेला. त्याला दोष देत नाही, त्याच्या यादीत त्या दिवशी अजून अकरा घरं होती असं तोच सांगत होता. पण त्याने तार मीटर लावून तपासली नाही, आणि त्याने तपासायला हवी होती हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

माझा भाचा पुण्यात नेटवर्किंगच्या कामाला आहे. अनंत चतुर्दशीला, ६ तारखेला, फोन झाला तेव्हा सहज बोलता बोलता त्याला सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, वायरने टेस्ट केलीस का?" नव्हती केली. तो म्हणाला की नेट घरात येतं तो रस्ता तुकड्यातुकड्यांचा आहे, खांबावरचा डबा ते तुझ्या भिंतीवरचा डबा, तिथून राउटर, राउटरपासून लॅपटॉप, आणि डब्याच्या मागे कंपनीचं सगळं जाळं. तू शेवटच्या टोकाला उभी राहून सगळ्याला एकच आकडा लावतेयस. एकेक तुकडा वेगळा काढ.

माझ्या लॅपटॉपला वायरचं भोक नाही, म्हणून ८ तारखेला विश्रामबाग चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून युएसबीचा लॅन ॲडॉप्टर आणला, ९५० रुपये. स्वस्तातला ४०० लाही होता पण तो १०० एमबीपीएसच्या वर जात नाही, गिगाबिट लिहिलेला बघून घ्या. केबल घरात जुनी पडलेली होती ती लावली. वायफाय बंद, सगळ्यांचे मोबाईल नेटवरून काढले, आणि टेस्ट केली. ८.३. म्हणजे वायफायचा संबंधच नव्हता! दहा दिवस आम्ही आणि तो टेक्निशियन मिळून वायफायच दुरुस्त करत होतो.

मग भाच्याने पिंग करायला लावलं. काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची, लॅपटॉप समोरच्याला हाक मारतो आणि किती हाकांना ओ मिळाली ते मोजतो. आधी राउटरला १०० हाका मारल्या, शंभरच्या शंभर परत आल्या. मग बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गुगलच्या एका सर्व्हरला मारल्या, १४ हरवल्या. हे बघून मला पहिल्यांदा मोकळं वाटलं, कारण घरातला तुकडा ठीक आहे आणि भानगड राउटरच्या पुढे आहे हे डोळ्यांनी दिसत होतं. आणि नेटवरून डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो ती पाकिटं हरवायला लागली की ती परत मागवावी लागतात, पाठवणारा सर्व्हर वेग कमी करत जातो, त्यामुळे थोडी हरवली तरी स्पीड खूप पडतो असं त्याने समजावलं.

तीन दिवस मी मुलाच्या जुन्या वहीत आकडे लिहिले. सकाळी ६, दुपारी २, रात्री ९ आणि झोपताना. दरवेळी वायरने, दरवेळी टेस्टचा सर्व्हर मुंबईचाच निवडून, नाहीतर तो आपोआप बदलतो आणि तुलना राहत नाही. फक्त रात्री ९ ते ११ स्पीड पडत असेल तर भागात गर्दी आहे असं समजावं, कंपनीने वरची क्षमता वाढवायला हवी. माझ्याकडे पहाटेही ८ आणि रात्रीही ७. आणि ९ तारखेला दुपारी जोराची सर आली तेव्हा ३ वर आला, दोनदा नेट पूर्ण गेलं आणि राउटरवरचा लाल दिवा लुकलुकून परत विझला. पाऊस पडल्यावर बिघडतं म्हणजे बाहेर कुठेतरी तारेतच काहीतरी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर दोन आठवडे वाचले असते. फायबरच्या राउटरच्या खाली स्टिकर असतो, त्यावर एक पत्ता आणि युजरनेम-पासवर्ड लिहिलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं, त्यात ऑप्टिकल किंवा पॉन नावाच्या भागात आरएक्स पॉवर असा एक आकडा असतो, डीबीएममध्ये. फायबरच्या तारेतून नेट उजेडाच्या रूपात येतं, तो घरापर्यंत किती पोचतोय त्याचं ते माप. आकडा उणे असतो, आणि उणे जितका मोठा तितका उजेड कमी. साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मधे असायला पाहिजे, आणि उणे २५ च्या खाली गेला की जाणकार लोक आधीच सावध होतात. माझा होता उणे २९.१. हे माप सरळ बेरजेचं नाही, १० ने कमी झालं म्हणजे उजेड दहावा हिस्सा राहिला. (काही कंपन्या हे पान लॉक करतात, मग टेक्निशियनकडे आकडा मागायचा, त्याच्या ॲपमध्ये त्याला दिसतो.)

त्या पानाचा फोटो काढला. ११ सप्टेंबरला कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील केलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. ट्राय, म्हणजे फोन-नेट कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था, स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. पहिली पायरी तक्रार केंद्र, तिथे तक्रार क्रमांक मिळतो. तिथलं उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत काहीच झालं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जायचं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि अपील ३९ दिवसांत निकालात काढायला लागतं. अपील अधिकाऱ्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर अगदी तळाला असतो, मला सापडायला अर्धा तास लागला. मेलमध्ये मी चिडून काही लिहिलं नाही, म्हणजे पहिला मसुदा चिडूनच लिहिला होता, नवऱ्याने तो पुसायला लावला. दोन्ही तक्रार क्रमांक, न येता बंद केल्याची तारीख, वायरने घेतलेले १२ आकडे, १०० पैकी १४ हरवल्याचा फोटो आणि उणे २९.१ चा फोटो. शेवटी एकच मागणी, खांबापासून घरापर्यंतच्या तारेतला उजेड मीटरने मोजावा.

१२ ला दुपारी फोन आला. आत्तापर्यंत जे फोन आले होते त्यात रिस्टार्ट करा एवढंच असायचं, या माणसाने विचारलं, "मॅडम, उणे २९ हे तुम्ही कधी बघितलंत?" तो आकडा सांगितल्यावर बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी मनापासून सांगते. पण माणूस यायला तरी १७ तारीख उजाडली, मधे शनिवार-रविवार आणि मग दोन दिवस मीटर दुसऱ्या टीमकडे होता म्हणे. ते दिवस मी रात्री उशिरापर्यंत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढले, पोटात सारखा गोळा, अंक छपाईला जायची तारीख जवळ येत होती.

१७ ला, बुधवारी, दोघं आले. एक पोरगा वीस-बावीसचा, एक जरा मोठा. मोठ्याने राउटर न बघता आधी शिडी खांबाला लावली. खांबावरच्या डब्यात मीटर उणे १८.२, घरात उणे २९.१. म्हणजे बिघाड त्या चाळीस-पन्नास फुटांत, खांब ते घर. मग गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीच्या कठड्याला टाकीजवळ एक छोटा प्लॅस्टिकचा डबा आहे, तिथे बाहेरची तार आणि घरात उतरणारी तार जोडलेली. त्याने झाकण काढलं तर आतून चमचाभर पाणी सांडलं. आत केसासारखी बारीक काच गुंडाळलेली असते, सैल वेटोळं करून, ते वेटोळं सैल राहिलंच नव्हतं, ताणून झाकणाच्या कडेत अडकलं होतं. "काकू, कुणी वायर वडली व्हती का वरनं?" आणि एकदम आठवलं मला. २४ तारखेला, रविवारी रात्री, गल्लीतल्या मंडळाची मूर्ती आली तेव्हा पोरांनी बांबूने सगळ्या तारा वर उचलून धरल्या होत्या, मुकुट लागू नये म्हणून. मी स्वतः गॅलरीतून बघत होते, हात जोडले होते. पोरांचं काही चुकलं नाही, सांगलीत सगळीकडे असंच करतात, तार खाली झोल देऊन बांधलेली नको होती.

पोरग्याने खाली जाऊन राउटरकडच्या टोकाला लाल उजेडाचं पेन लावलं आणि मोठ्याने मला डब्यावर पदराची सावली धरायला सांगितली. त्या सावलीत एका जागी, जिथे काच झाकणाच्या कडेवर दुमडली होती, तिथे लाल ठिपका पेटला. बाकी सगळी काच काळोखात आणि तेवढ्याच वाकणातून उजेड बाहेर गळत होता. इतके दिवस ज्याने रडवलं ते एवढंसं होतं, तिळाएवढं. मी कितीतरी वेळ बघत राहिले. (स्वतः हे करू नका आणि तारेचं उघडं टोक डोळ्यासमोर धरू नका, नेटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.)

जोडायचं मशीन दुसऱ्या दिवशी आलं. १८ ला सकाळी त्याने खराब तुकडा कापला, काचेचं वरचं आवरण सोललं, स्पिरिटच्या कापसाने पुसलं, दोन्ही टोकं एका छोट्या कटरने सरळ कापून मशीनमध्ये ठेवली. पडद्यावर दोन जाड खांब समोरासमोर सरकत आले, बारीक ठिणगी पडली आणि एकच खांब झाला. वरून नळी घालून ती गरम केली. कापलेले काचेचे तुकडे तो चिकटपट्टीवर गोळा करत होता, पायात घुसले तर सापडत नाहीत म्हणाला, गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्यांनी हे बघाच. डबा बदलला, तोंड खाली करून बसवला, तार खांबावर उंच घेऊन बांधली. घरात आकडा उणे १८.९. पैसे विचारले तर नको म्हणाले, चहा घेतला फक्त.

लगेच टेस्ट केली, वायरने, ९४. नव्वदच्या वर आकडा बघून आनंद झाला पण प्लॅन १५० चा, आणि दहा वेळा केलं तरी ९४ च. मोठा टेक्निशियन हसून म्हणाला, "चौऱ्याण्णव आला म्हंजे केबल बघा काकू." नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला, १००/१०० लिहिलेलं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या, १०० पर्यंत दोन जोड्यांवर काम चालतं पण त्याच्या वर जायला चारही लागतात. आमच्या जुन्या केबलची एक जोडी आत तुटलेली असणार, म्हणून ते आपोआप १०० वर उतरलं होतं. १८० रुपयांची कॅट ६ केबल आणली, दीड मीटर, लिंक १००० झाला आणि टेस्ट १४८. आकडा ९३-९५ ला टाचून बसला असेल तर आधी केबल, ॲडॉप्टर किंवा राउटरचं भोक १०० वालं आहे का बघा, कंपनीला फोन नंतर.

वायफायचं थोडंसं काम राहिलं होतं, राउटर टीव्हीमागे लोखंडी कपाटाला टेकून होता, तो पॅसेजमध्ये उंचावर घेतला आणि लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झवालं नेटवर्क दिलं. माझ्या टेबलावर आता ११० च्या आसपास येतो. मुलाच्या मोबाईलचा फोटो बॅकअप रात्री १२ नंतर लावलाय, कारण वर जाणारा रस्ता भरला की खाली येणाराही अडतो, विसर्जनाचे व्हिडिओ चढत होते तेव्हा ते कळलं.

एकूण खर्च २६२९ रुपये, त्यातले १४९९ एक्स्टेंडरचे. अपिलाच्या मेलवरच उत्तर देऊन न मिळालेल्या दिवसांचं भाडं मागितलं, १० दिवसांचे २६६ रुपये पुढच्या बिलात वळते झाले. मागितल्याशिवाय देत नाहीत.

परवा शेजारच्या काकांकडे गेले होते, त्यांची तार त्याच खांबावरून येते आणि त्यांनाही लेकीशी व्हिडिओ कॉलवर नीट बोलता येत नाही, ते म्हणत होते वय झालं आता मोबाईलचं, नवा घ्यावा. राउटरचं पान उघडून बघितलं. उणे २७.६. तिथेच बसून त्यांच्या नावाने तक्रार केली, क्रमांक त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिलाय आणि शेजारी आकडाही.